जुळ्यांची बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी : मिरजेच्या या सेंटरचा माझा अनुभव

आठव्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावी पहिली सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर 'जुळा गर्भ' एवढंच लिहिलं होतं. डॉक्टर तोंडी म्हणाले, "वेगवेगळी जुळी दिसतायत, काळजी नको. आता पाचव्या महिन्यात या." माझी नणंद मिरजेला नर्स आहे. रिपोर्टचा फोटो बघून तिचा लगेच फोन आला, "वहिनी, वार (प्लॅसेंटा) एक आहे की दोन, हे यात कुठंच नाही. पाचव्या महिन्यापर्यंत थांबू नका." तिनंच या सेंटरचा नंबर लावला.

बारा आठवडे दोन दिवस झाले तेव्हा गेलो. साडेदहाची वेळ दिली होती, नंबर लागला सव्वाबाराला. जिना उभा आहे, लिफ्ट नाही, आणि पोटुशी बाईनं तासभर टेकावं अशा खुर्च्या नाहीत. पण आत गेल्यावर मॅडमनी जुळ्यांसाठी पाऊण तास दिला, आणि त्या पाऊण तासासाठी मी हे लिहितेय.

त्यांनी आधी बाळं दाखवलीच नाहीत. दोघांच्या मधला पडदा शोधला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी बारीक पांढरी रेघ, मध्येच दिसायची, मध्येच नाहीशी व्हायची. ती वारेला जिथे टेकते तिथे चित्र थांबवून मॅडम म्हणाल्या, "इथे बघा. सरळ काटकोनात चिकटलाय, इंग्रजी टी सारखा. वार दोन असत्या तर इथे वारेचा त्रिकोणी कोंब पडद्यात घुसलेला दिसला असता, आणि पडदाही जाड असता." मग फाइलच्या मागे पेननं दोन्ही चित्रं काढून दिली. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

वार एकच, पाण्याच्या पिशव्या दोन. एकच वार म्हणजे एकाच बीजाची, सारखी जुळी. बीज फळल्यावर साधारण चौथ्या ते आठव्या दिवसात दुभंगलं की असं होतं. मी विचारलं, मग वार दोन असत्या तर वेगवेगळी म्हणायची का? "नाही, तसं म्हणता आलं नसतं," त्या म्हणाल्या. पहिल्या तीन दिवसांत बीज दुभंगलं तर सारख्या जुळ्यांनाही स्वतंत्र वार मिळते. सारख्या जुळ्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश अशी असतात. तेव्हा दोन वार दिसल्या म्हणून 'वेगळी जुळी' असं कुणी ठासून सांगत असेल, तर ते अर्धवट आहे. एक मुलगा, एक मुलगी असेल तर वेगळी हे नक्की, पण ते आपल्याकडे पोटात असताना कुणी सांगायचंच नाही.

आमच्या आईंनी तेवढ्यात विचारलंच, "दोघं सारखी म्हणजे दोन्ही एकच ना? मग काय आहे ते?" मॅडमनी शांतपणे भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. आवाज चढवला नाही, हसण्यावारीही नेलं नाही. आईंनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

खरा फरक पुढच्या तपासण्यांत पडला. एकाच वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. शंभरातल्या दहा-पंधरा अशा गरोदरपणांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागतं. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी बोलावलं. दर वेळी दोन्ही पिशव्यांतल्या पाण्याची खोली मोजायच्या, बाळांचं मूत्राशय भरलेलं दिसतंय का बघायच्या. एकीकडे पाणी 2 सेंटीमीटरच्या खाली आणि दुसरीकडे 8 च्या वर गेलं की धोका, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझे आकडे 4.1 आणि 4.8 आले, त्या संध्याकाळी घरी येऊन मी रडले. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दाखवायला गेले असते तर चार आठवडे कुणाचीच नजर नसती, आणि तोवर पडदा-वारेचा तो कोपराही नीट वाचता आला नसता. तो 11 ते 14 आठवड्यांत सगळ्यात स्पष्ट दिसतो. त्या पहिल्या डॉक्टरांवर माझा राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

छत्तिसाव्या आठवड्यात सिझर झालं. दोघी मुली, 2.1 आणि 1.9 किलोच्या. आठ महिन्यांच्या झाल्यात. धाकटीच्या पायात काळा दोरा आहे, अंघोळीच्या वेळी आम्ही तो काढत नाही.

काउंटरवरच्या मुली तुटक बोलतात आणि रिपोर्ट फक्त इंग्रजीत मिळतो, हे सुधारायला हवं. पण रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत वार किती, पिशव्या किती हे लिहिलेलं असतं, आणि बाळ ए कुठलं, बी कुठलं हे जागेसकट. जाताना आधीचा रिपोर्ट आणि आधार कार्ड न्या, गरोदरपणातल्या सोनोग्राफीसाठी कायद्यानं लागणारा फॉर्म एफ भरावा लागतो. सकाळची पहिली वेळ मागा.