जुन्या डिझेल जीपमध्ये इंटरकॉम हेडसेट: एक पावसाळा काढल्यानंतर

हेडसेट किती महाग आहे यापेक्षा माइक ओठांपासून किती लांब आहे, यावर सगळं अवलंबून असतं. एवढे महिने वापरल्यावर माझं हे मत पक्कं झालंय.

आमची कापडी हूडची जीप साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढून बेळगावला जाते, एरवी वाळपईकडच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत. दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनचा आवाज आणि हूडची फडफड यात मागच्या सीटवरचं काही ऐकू यायचं नाही. बाबांना आधीच कमी ऐकू येतं, त्यामुळे ते प्रवासभर गप्प बसायचे. म्हणून पावसाच्या तोंडावर चौघांचा वायरवाला इंटरकॉम, म्हणजे हेडसेटवरून गाडीतच एकमेकांशी बोलायची सोय, बसवला. हेल्मेटचे ब्लूटूथवाले संच पाहिले होते, पण ते कान झाकत नाहीत आणि रोज चार्ज करावे लागतात.

माइक नॉइज कॅन्सलिंग जातीचा आहे. त्याला दोन्ही बाजूंनी भोकं असतात. इंजिनचा आवाज दोन्हीकडून सारखाच शिरतो आणि बराचसा एकमेकांत मिटतो. तोंडाचा आवाज मात्र जवळच्या बाजूने जोरात येतो, म्हणून तो उरतो. माइक दोन-तीन इंच लांब गेला की हा फरकच संपतो आणि इंजिन बोलायला लागतं. ओठांच्या कोपऱ्याशी, जेमतेम बोटभर अंतरावर, खुणेची बाजू तोंडाकडे करून ठेवा. वर फोमची टोपी हवीच, नाहीतर वारा फुरफुरतो.

दुसरी गोष्ट व्हॉक्स, म्हणजे बोलल्यावर आपोआप माइक उघडणं. त्याचं बटण गाडी उभी असताना लावून उपयोग नाही. चढणीवर, इंजिन ओरडत असताना शेजारच्याला हळूहळू फिरवायला सांगा. घरघर जिथे बंद होते तिथेच थांबा. त्याच्या पुढे नेलं की पहिलं अक्षर गिळलं जातं, ‘थांब’ म्हटलं तर मागे फक्त ‘आंब’ पोचतं. घेताना विचारा की प्रत्येक माइकला वेगळा व्हॉक्स आहे का. सगळ्यांना मिळून एकच असेल तर एकजण बोलला की चारही माइक उघडतात आणि सगळा कल्ला कानात येतो.

बसवल्यावर अॅक्सिलरेटरबरोबर चढणारी बारीक शीळ ऐकू येत होती. ती अल्टरनेटरची, म्हणजे गाडीची बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची. इंटरकॉमच्या बॉक्सची बॉडी डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकत होती आणि निगेटिव्ह वायर वेगळी बॅटरीला गेली होती, म्हणजे अर्थिंग दोन ठिकाणी. इलेक्ट्रिशियनने बॉक्स रबरावर बसवला, हेडसेटच्या जॅकखाली फायबरचे वॉशर घातले, फ्यूज टाकून सप्लाय थेट बॅटरीवरून घेतला. शीळ गेली.

ड्रायव्हरसाठी मात्र मी एका कानाचाच हेडसेट ठेवलाय. घाटातल्या वळणांवर समोरच्याचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे, यात तडजोड नाही. मागच्यांनी दोन्ही कान झाकावेत. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेची शिफारस 85 डेसिबलच्या आवाजात दिवसाला जास्तीत जास्त 8 तासांची आहे आणि दर 3 डेसिबल वाढले की ती वेळ निम्मी होते. 94 डेसिबलला उरतो 1 तास. आवाज वाढवून इंजिनवर मात करण्यापेक्षा कान झाकून आवाज कमी ठेवणं केव्हाही चांगलं. चष्म्याची जाड काडी असेल तर हेडसेटच्या उशीखाली फट राहते, बारीक काडी लावा.

आपल्या हवेने त्रास दिला तो फोमला आणि जॅकला. पावसात फोमवर बुरशी धरली, पितळी प्लगवर हिरवट थर आला. आता हेडसेट सिलिका जेलच्या पुड्यांसकट झाकणाच्या डब्यात राहतात. मे महिन्यात घाम येणार, म्हणून कानांच्या उशांना सुती खोळी आत्तापासूनच शिवून ठेवल्यात.

बाबा आता केरीपासूनच बोलायला लागतात. वाटेतली कुठली बाग कोणाची, कोणाचं पोफळीचं पीक यंदा गेलं, सगळं. मागच्या सीटची गुंडाळी वायर तेवढी दारात अडकते. तिला छताच्या पाइपाला क्लिप मारायचं काम बाकी आहे.