एजंटच्या हाती खातेवही देण्याआधी डॉक्युमेंटेशन वाचा: सात महिन्यांचा अनुभव

इंदूरला जेल रोडवर आमचं अकाउंटिंगचं छोटं ऑफिस आहे. बहुतेक पार्ट्या, म्हणजे आमचे ग्राहक, सियागंजातल्या, किराणा-मसाल्याच्या घाऊक व्यापारातल्या. सात महिन्यांपूर्वी खरेदीची बिलं चढवायचं काम आम्ही एआय एजंटकडे, म्हणजे स्वतःहून पायऱ्या ठरवून काम करणाऱ्या प्रोग्रॅमकडे, दिलं. तो क्लाउडवरच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या एपीआयमधून (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी स्क्रीनशिवाय थेट बोलायच्या वाटेने) एंट्री करतो, आणि ती कशी करायची हे सॉफ्टवेअर कंपनीच्या डॉक्युमेंटेशनमधून, म्हणजे वापराच्या लेखी माहितीतून, वाचतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. सॉफ्टवेअर चांगलं आहे. माझं म्हणणं डॉक्युमेंटेशनबद्दल आहे.

दुसऱ्याच महिन्यात एका पार्टीच्या खात्यात गुजरातमधल्या उंझ्याहून आलेल्या जिऱ्याचं बिल दोनदा चढलं. माल १,८४,००० रुपयांचा, त्यावर ५ टक्के आयजीएसटी (परराज्यातल्या मालावरचा जीएसटी) ९,२००. एजंटने एंट्री पाठवली, तेवढ्यात नेट गेलं, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने तीच एंट्री पुन्हा पाठवली. हाताने चढवताना तोच बिल नंबर दुसऱ्यांदा टाकला की स्क्रीनवर इशारा येतो. एपीआयमधून पाठवलं तर येत नाही, आणि हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. १४ तारखेला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारा तक्ता) आलं तेव्हा कळलं: तिकडे ९,२००, आमच्या वहीत १८,४००. ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायला २० तारखेपर्यंत मुदत होती म्हणून निभावलं. पण त्या पार्टीच्या शेठजींनी कोणाला किती द्यायचंय याची यादी आधीच पाहिली होती. "ये बिल दो बार कैसे चढ़ गया?" या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

सॉफ्टवेअर कंपनीला विचारलं. उत्तर आलं की एंट्री पाठवताना सोबत स्वतःचा एक वेगळा क्रमांक पाठवला तर दुसरी एंट्री बनतच नाही. सोय होती! फक्त ती व्हाउचरच्या (एंट्री करायच्या) पानावर नव्हती. जुन्या व्हर्जनच्या बदलांच्या यादीत एका ओळीत होती. तिथे एजंट कशाला बघेल?

त्यानंतर मी डॉक्युमेंटेशन तपासायची एक पद्धत बसवली. सॉफ्टवेअरमध्ये चाचणीपुरती कंपनी उघडायची, एजंटला फक्त डॉक्युमेंटेशन द्यायचं आणि खरी बिलं चढवायला लावायची. प्रत्येक निर्णय कुठल्या पानावरच्या कुठल्या वाक्यावरून घेतला, तेही त्याच्याकडून लिहून घ्यायचं. जिथे वाक्य दाखवता आलं नाही तिथे त्याने अंदाज केला असं धरायचं. दाखवलेलं वाक्यही स्वतः उघडून वाचायचं, कारण कधी कधी ते तसं म्हणतच नसतं. आमच्या ऑफिसातला नवा मुलगा अडला की "ताई, हे कुठे टाकू?" म्हणून विचारायला येतो. एजंटला मात्र डॉक्युमेंटेशनने सांगावं लागतं की इथे थांब आणि विचार.

असं तपासल्यावर बरंच हाती लागलं. तारखेच्या सगळ्या उदाहरणांत ०१/०१ होतं, त्यामुळे आधी दिवस की महिना हे कळायला मार्गच नव्हता. ०४/०६ चं बिल ६ एप्रिलला जाऊन बसलं. 'पुरवठादाराचं राज्य' या रकान्यापुढे नुसतं 'ऐच्छिक' लिहिलेलं. रिकामा सोडला तर सॉफ्टवेअर आपलंच राज्य धरतं, म्हणजे २७ ने सुरू होणाऱ्या जीएसटी नंबरच्या, महाराष्ट्रातल्या पुरवठादाराच्या बिलावर आयजीएसटीऐवजी सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात लागणारा जीएसटी) लागतो. 'ऐच्छिक' या शब्दापुढे 'न भरल्यास काय होईल' हे लिहिलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. आमची एक पार्टी प्रायव्हेट लिमिटेड आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. एजंटने केलेली एंट्री त्या नोंदीत कोणाच्या नावाने दिसते? डॉक्युमेंटेशनमध्ये अक्षर नाही. उघडून पाहिलं तर सगळीकडे माझंच लॉगिन. मी न केलेल्या एंट्रीखाली माझं नाव असणं मला मान्य नाही. आता एजंटसाठी वेगळा युजर काढला आहे.

चुकांच्या संदेशांचं पान मात्र मनापासून आवडलं. प्रत्येक चुकीचं कारण आणि उपाय तिथे दिला आहे. 'राउंड ऑफ' आणि 'राऊंड ऑफ' अशी लेजरच्या (खात्याच्या) नावात गफलत झाली तर सॉफ्टवेअर जवळची नावं सुचवतं आणि एजंटला त्यातलं कसं निवडायचं हेही सांगतं. नावे आणि जमा जुळत नसतील तर एंट्री घेतलीच जात नाही. ते दोन आकडे घेऊन, उदाहरणासकट समजावलं आहे. या भागात एजंट क्वचितच चुकला. सगळं डॉक्युमेंटेशन याच हाताने लिहिलं असतं तर!

सध्या कंपनीच्या डॉक्युमेंटेशनसोबत आमची तीन पानी टिपणं एजंटला देतो, आणि त्याची प्रत्येक एंट्री ड्राफ्टमध्येच ठेवून मी स्वतः पक्की करते. कंपनीला सगळं लिहून पाठवलं होतं. तारखेचं पान त्यांनी दुरुस्त केलं. दुहेरी एंट्रीचं वाक्य अजून त्या जुन्या यादीतच आहे. मार्चमध्ये सॉफ्टवेअरची वर्गणी भरायची आहे; त्याआधी हीच बिलं पुन्हा चढवून बघणार आहे, जिऱ्याच्या बिलापासून.