मागच्या एक्सलचा आवाज: कंपनीचं सर्व्हिस सेंटर की नाक्यावरचा मिस्त्री?

सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी चौथ्या दिवशी मागून घुमायला लागली की पहिल्यांदा राग येतो आणि मग प्रश्न पडतो, आता दाखवायची कुणाला? गेल्या वर्षी मी या प्रश्नात अडकलो होतो. दोन्हीकडे जाऊन आलो, म्हणून लिहितो. माझी गाडी जुनी, मागच्या चाकांवर ओढणारी, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीला मागे डिफरन्शियलच (इंजिनाची ताकद दोन चाकांना वाटून देणारा दातेरी चाकांचा डबा) नसतं. तिथे मामला बहुतेक वेळा बेरिंग, ड्रम किंवा टायरवर मिटतो.

कुठेही जाण्याआधी आवाज आपण नीट ऐकलेला असावा. ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर सूर बदलत असेल तर संशय डिफरन्शियलवर. सपाट मोकळ्या रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल केली तरी घूं-घूं तशीच राहत असेल तर चाकाचं बेरिंग किंवा टायर. त्यातही वळणावर कमीजास्त झाली तर बेरिंग धरा, आणि हायवेचं काँक्रीट सोडून डांबरावर आल्यावर सूर बदलला तर टायर. सर्व्हिसिंगमध्ये टायर पुढचे मागे केले असतील तर पुढे जो आवाज कानाला सवयीचा होता तोच मागून नवा वाटतो, हे विसरू नका. रिव्हर्स टाकताना ‘टक’ झालं तर क्रॉस, म्हणजे मागे ताकद नेणाऱ्या शाफ्टचा सांधा. सर्व्हिसिंगमध्ये हँडब्रेकची केबल जास्त ताणून ठेवली असेल तर थोडं चालवून उतरल्यावर बऱ्याचदा एका बाजूचा ड्रम दुसऱ्यापेक्षा तापलेला लागतो.

माझ्या गाडीचा आवाज आंबोली घाट उतरताना यायचा. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय उचललेला, इंजिन शांत, आणि मागून बारीक हुंकार. पायथ्याच्या दाणोलीला सपाटीवर लागलो की नाहीसा.

सर्व्हिस सेंटरच्या बाजूने आधी बोलतो, कारण ती बाजू कमकुवत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर कुणाला डिफरन्शियलच्या हाउसिंगचा बोल्टही ढिला करू देऊ नका. क्राऊन-पिनियन, म्हणजे आतली दातेरी चाकांची जोडी, बसवायची वेळ आली तर दातांमधली फट डायल गेज लावून मोजावी लागते, शिम म्हणजे पातळ चकत्या घालून जुळवावी लागते. ते काम अंदाजाने होत नाही. कागद राहतो, तक्रार परत नेली तर निदान नोंद असते. आणि चतुर्थीचे दिवस सोडले तर दार उघडं असतं. मिस्त्रीचं तसं नाही. चवथ आली की गॅरेजला कुलूप, शिमग्याला कुलूप, आणि जत्रांच्या दिवसांत रात्रभर दहीकालो, म्हणजे दशावतारी नाटक, बघून आलेला माणूस अकराच्या आत शटर वर करत नाही.

तरीही माझं मन तिथून उठलं ते एका गोष्टीवरून. आवाज ऐकणारा आणि गाडी उघडणारा तिथे एकच माणूस नसतो. मी काउंटरवरच्या मुलाला घाट, गिअर, पाय उचलणं सगळं सांगितलं. त्याने जॉब कार्डवर दोन शब्द लिहिले, ‘मागून आवाज’. ते कार्ड आत गेलं, मी काचेबाहेर टीव्हीसमोर. आत गाडी रॅम्पवर चढवली, चाकं लोंबकळत फिरवली. पण चाकांवर भार नसताना हा आवाज येणार कुठून? मग कुणीतरी काचा वर करून हायवेवर सपाटीला एक फेरी मारली आणि निदान आलं, ‘टायरचा आवाज आहे सर, नॉर्मल आहे’. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरचा मुलगा बदललेला, पुन्हा तेच दोन शब्द. घाटात माझ्याबरोबर कुणी यायला तयार नव्हतं. त्यांचीही अडचण असेल, दिवसाला गाड्या किती निघाल्या याचा हिशेब वर द्यावा लागत असणार. पण आपल्या गाडीचं दुखणं आपल्याला सांगता येऊ नये, हे मला सोसेना.

मिस्त्रीकडे गेलो तर त्याने पान्याला हातच लावला नाही. “चला काकानू, माका आयकवा,” म्हणून मागच्या सीटवर जाऊन बसला. दाणोलीहून घाटात थोडं वर गेलो, वळवली, उतरायला लागलो. तो कान फळीला लावून गप्प. खाली आल्यावर गाडीखाली सरकला, डिफरन्शियलच्या भोपळ्यावर हात ठेवला आणि चटकन काढला. थंड झाल्यावर सपाट जागी लावून तेल भरायचा बोल्ट काढला. “बोट घाला आणि बघा, तेल गावता काय?” तेल त्या भोकाच्या काठापर्यंत असायला हवं. माझं बोट आत वाकवूनही कोरडंच बाहेर आलं. एक्सलची सीलं कोरडी, पिनियनकडे गळती नाही, आणि माझ्या सर्व्हिसच्या बिलावर मात्र ‘डिफरन्शियल ऑइल बदलले’ असं छापलेलं. तेल तिथेच कमी पडलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण दुसरी वाट मला दिसत नाही.

जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल मी स्वतः दुकानातून आणून दिलं. हे मुद्दाम सांगतो, कारण मिस्त्रीकडच्या उघड्या कॅनमध्ये काय आहे ते तोही सांगू शकत नाही, आणि क्राऊन-पिनियनच्या घसटत फिरणाऱ्या दातांना साधं तेल पुरत नाही. पाऊण लिटरच्या आसपास आत गेलं. हुंकार बराचसा बसला. मजुरी दोनशे, पावती नाही.

तुमची गाडी वॉरंटीत असेल तर सेंटरलाच जा, पण चावी देण्याआधी जो खरोखर गाडी उघडणार आहे त्याला शेजारी बसवून आवाज येतो त्या रस्त्यावर न्या, आणि तेलाचा बोल्ट आपल्यासमोर काढायला लावा. वॉरंटी संपलेली असेल तर मी तरी आधी मिस्त्री गाठीन. सुटा भाग लागलाच तर कोल्हापूर किंवा बेळगावहून मागवता येतो, एखादा दिवस इकडे-तिकडे.

घाटात तेवढा वेग मी घेत नाही, पण हायवेला ताशी पासष्टच्या वर बारीक कुणकुण अजून आहे. कोरडे फिरलेले दात थोडे खाल्ले गेले असणार, असं मिस्त्रीचं म्हणणं. पावसाआधी उघडूया म्हणतो. शिमगा झाल्यावर.