निविदा भरून देणारे सांगलीतील केंद्र : एका लघुउद्योजकाचा अभिप्राय

कुपवाड औद्योगिक वसाहतीत माझा लोखंडी फर्निचरचा छोटा कारखाना असून, सरकारी निविदांसाठी मी विश्रामबागेतील एका सल्ला केंद्राची सेवा घेतली. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी), डिजिटल स्वाक्षरी आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरील खाते ही कामे त्यांनी चोख केली. शुल्कही वाजवी आहे. मात्र २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी, एकूण खरेदीच्या या २५ टक्क्यांपैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून असावी आणि सूक्ष्म व लघुउद्योगांना बयाणा रकमेतून (निविदेसोबत भरायच्या अनामतीतून) सूट मिळावी, हे त्यांनी आपणहून सांगितले नाही. माझ्यासारख्या अनुसूचित जातीतील उद्योजकाला नेमकी हीच माहिती सर्वांत आधी हवी असते.

खरी अडचण त्याही पुढे आहे. मागील उलाढाल आणि पूर्वीच्या पुरवठ्याचा अनुभव या अटींवरच नवा उद्योजक अडतो, आणि त्या कुठे शिथिल होऊ शकतात हे निविदेतील बारीक मजकूर वाचल्याखेरीज कळत नाही. केंद्रातील मॅडमनी तो मजकूर माझ्यासोबत बसून ओळीने वाचला, याचे मोल मला फार वाटते.

बिल थकल्यास मात्र येथे मदत मिळत नाही. नव्या उद्योजकांनी जरूर जावे; सवलतींची माहिती पहिल्याच भेटीत मागून घ्यावी.