घरात वाजवायचा ट्यूब ॲम्प: ॲटेन्युएटर, मास्टर व्हॉल्यूम की व्होल्टेज उतरवणं?

गिटारच्या ट्यूब ॲम्पमधून घरात कमी आवाजात चांगला टोन हवा, म्हणून थेट सोल्डरिंग आयर्न हातात घेऊ नका. आधी हे पाहा, की तुमच्या ॲम्पचा आवाज नेमका कुठे फाटतो, म्हणजे जोर लावल्यावर भरड, विकृत होतो. एका ॲम्पला जो उपाय चपखल बसतो, तो दुसऱ्यावर पैसे आणि मेहनत दोन्ही वाया घालवतो. म्हणून इथे दोन ओळखीचे ॲम्प समोरासमोर ठेवले आहेत.

फेंडर डिलक्स रिव्हर्ब: २२ वॅट, दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब (स्पीकर चालवणाऱ्या), मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाज ठरवणारा शेवटचा नॉब) नाही. याचा प्रीॲम्प (गिटारचा सिग्नल आधी वाढवणारा भाग) बराचसा स्वच्छ राहतो. व्हॉल्यूम ५-६ च्या पुढे गेला की फेज इन्व्हर्टर (सिग्नलच्या दोन उलट प्रती करून पॉवर ट्यूबना देणारा टप्पा) आणि पॉवर ट्यूब फाटायला लागतात, आणि लोकांना आवडतो तो आवाज तिथला असतो. मार्शल २२०४: ५० वॅट, दोन ईएल३४, १९७५ पासूनचं मास्टर व्हॉल्यूमचं मॉडेल. इथे ईसीसी८३ (प्रीॲम्पची छोटी ट्यूब, हिचंच दुसरं नाव १२एएक्स७) च्या टप्प्यांमागून टप्पे लावून प्रीॲम्पच फाडलेला असतो. पॉवर ट्यूब त्याला वजन देतात.

आधी आकडे

स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ९७ डेसिबल देतो असं धरा. मग २२ वॅटला साधारण ११० आणि ५० वॅटला ११४ डेसिबल होतात. पॉवर एक दशांश केली की १० डेसिबल उतरतात आणि कानाला आवाज सुमारे निम्मा वाटतो. म्हणजे डिलक्स २.२ वॅटवर १०० डेसिबल आणि ०.२२ वॅटवरही ९० डेसिबल! आपल्याकडे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. भिंती बरंच अडवतात, तरी पाव वॅटसुद्धा फ्लॅटमध्ये थोडा नाही.

याच हिशेबाने पॉवर ट्यूबची जोडणी बदलणारा पेंटोड-ट्रायोड स्विच बाद होतो. पॉवर निम्मी म्हणजे फक्त ३ डेसिबल कमी, वर ट्रेबल बोथट होतो तो वेगळाच. ‘दोनपैकी एक पॉवर ट्यूब काढून ठेवा’ हा सल्ला तर ऐकूच नका. पुश-पुल (दोन ट्यूब आलटून-पालटून जोर लावतात अशा) आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन बाजूंचे डीसी प्रवाह एकमेकांना खोडतात. एक बाजू गेली की गाभा संपृक्त होतो आणि आवाज किडका येतो.

आणखी एक गोष्ट कुठल्याही मॉडने (सर्किटमधल्या बदलाने) सुटत नाही. हळू आवाजात कानालाच बेस आणि वरचा ट्रेबल कमी ऐकू येतो. तेवढी भरपाई टोनच्या नॉबवर करावी लागते.

ॲटेन्युएटर

डिलक्ससाठी आमची पहिली पसंती हीच. ॲम्प आतून पूर्ण जोर लावतो आणि जास्तीची पॉवर स्पीकरच्या आधीच उष्णतेत जाते. सर्किटला हात लागत नाही, विकताना ॲम्प मूळ अवस्थेत राहतो.

घरी करायचा तर ८ ओमच्या स्पीकरसाठी साधा एल-पॅड (दोन रेझिस्टरची जोडणी) पुरतो. ६ डेसिबल उतरवायला सिरीजमध्ये ४ ओम आणि स्पीकरला समांतर ८ ओम. १२ डेसिबलसाठी सिरीजमध्ये ६ ओम, समांतर २.७ ओम. दोन्ही वेळा ॲम्पला ८ ओमच दिसतात. वॅटेजमध्ये मात्र कंजुषी नको. फाटलेल्या आवाजात २२ वॅटचा ॲम्प ४० वॅटपर्यंत देऊ शकतो आणि १२ डेसिबलच्या जोडणीत त्यातला पाऊण भाग सिरीज रेझिस्टरवर जातो, म्हणजे ३० वॅट. तिथे ॲल्युमिनियम आवरणाचा १०० वॅटचा रेझिस्टर जाड पत्र्यावर स्क्रूने आवळा. समांतर जागी २५ वॅटचा चालतो. डबा हवेशीर हवा.

१२ डेसिबलपर्यंत हा साधा डबा छान वागतो. त्यापुढे आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं. खऱ्या स्पीकरचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध, ओममध्ये) सपाट नसतो: खाली त्याच्या रेझोनन्सपाशी तो उंचावतो आणि ट्रेबलकडे चढत जातो. ॲम्प या चढउतारावरच जिवंत वाटतो आणि रेझिस्टर ते सगळं सपाट करतो. जास्त उतरवायचं असेल तर कॉइल आणि कपॅसिटर असलेला रिॲक्टिव्ह ॲटेन्युएटर घ्या. महाग पडतो, पण फरक पहिल्याच कॉर्डला कळतो.

डिलक्सवर एक चूक हमखास होते. मागच्या दोन जॅकपैकी मुख्य स्पीकरचा जॅक रिकामा ठेवला की तो आउटपुट शॉर्ट करतो. ॲटेन्युएटर एक्स्टर्नल जॅकमध्ये लावून मुख्य जॅक मोकळा ठेवला तर आवाजच येत नाही. तो मुख्य जॅकमध्येच लावा.

फेज इन्व्हर्टरनंतरचा मास्टर व्हॉल्यूम

२२०४ वर याची खरी मजा आहे. कंपनीचा मास्टर फेज इन्व्हर्टरच्या आधी बसतो, म्हणून तो १ वर आणला की आवाज पातळ होतो. नवा मास्टर नंतर बसतो, त्यामुळे इन्व्हर्टरलाही फाटू देता येतं. पॉवर ट्यूबच्या ग्रिडचे (सिग्नल जिथे शिरतो त्या टोकाचे) २२० किलोओमचे दोन रेझिस्टर काढा आणि त्यांच्या जागी २५० किलोओमचा ऑडिओ टेपरचा दुहेरी पॉट (एकाच दांड्यावर फिरणारे दोन बदलते रेझिस्टर) लावा: वरच्या टोकाला कपलिंग कपॅसिटर, मधल्या टोकाला ग्रिड, खालच्या टोकाला बायस (ट्यूबचा प्रवाह काबूत ठेवणारं व्होल्टेज). मधल्या आणि खालच्या टोकांत प्रत्येकी २.२ मेगाओमचा रेझिस्टर जोडायचाच. पॉट खराब होऊन मधला संपर्क सुटला तर ग्रिडचा बायस जातो, ट्यूब लालभडक होते. हा रेझिस्टर तेवढ्यासाठीच. पॉट पूर्ण उघडला की दोन्ही मिळून २२४ किलोओम होतात, जवळजवळ मूळचेच.

यात एक दोष आहे आणि तो आधीच माहीत असावा. हा पॉट निगेटिव्ह फीडबॅकच्या (आउटपुटचा थोडा भाग मागे देऊन आवाज आवरण्याच्या) वळशाच्या आत येतो. तो कमी केला की फीडबॅक दुबळा होतो, आवाज थोडा मोकाट व तिखट होतो आणि प्रेझेन्सचा (वरचा ट्रेबल उठवणारा) नॉब जवळपास निकामी.

डिलक्सवर हाच मॉड करता येतो, पण प्रीॲम्प स्वच्छ असल्याने फाटतो तो एकटा इन्व्हर्टर, आणि तो आवाज खरखरीत असतो. डिलक्सवर हा नकोच.

व्होल्टेज उतरवणं

एका मॉसफेटने (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बी-प्लस (ट्यूबना मिळणारं उच्च डीसी व्होल्टेज) खाली आणायचं, म्हणजे पॉवर ट्यूब कमी वॅटवर फाटतात. फेंडर चॅम्प ५एफ१ सारख्या ५ वॅटच्या कॅथोड बायसच्या ॲम्पवर हे सुरेख जमतं, कारण व्होल्टेजबरोबर बायस आपोआप सरकतो. डिलक्स आणि २२०४ फिक्स्ड बायसचे आहेत, म्हणजे बायस वेगळ्या पुरवठ्यातून येतो. तिथे बायसही त्याच प्रमाणात उतरवणारं सर्किट लागतं, नाहीतर ट्यूब थंड पडून किरकिर ऐकू येते. शिवाय डिलक्सचा ट्रेमोलो (आवाज लयीत कमी-जास्त करणारा इफेक्ट) निऑन दिव्यावर चालतो आणि व्होल्टेज फार उतरलं की तो पेटतच नाही. मॉसफेटच्या पाठीवर ४०० हून जास्त व्होल्ट असतात, म्हणून चेसिसवर आवळताना अभ्रकाची चकती विसरू नका.

स्वस्तातले दोन उपाय, आधी हे करून पाहा

२२०४ च्या प्रीॲम्प व्हॉल्यूमवर १००० पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर (ट्रेबलला मोकळी वाट देणारा) असतो. गेन ३-४ वर ठेवला की तोच कान टोचतो. तो काढा किंवा जागी १०० पिकोफॅरडचा लावा. डिलक्सच्या व्हायब्रेटो चॅनलवर ४७ पिकोफॅरडचा असतो. कापण्याआधी नॉर्मल चॅनलमध्ये वाजवून बघा, तिथे तो नाही. डिलक्सवर स्वच्छ आवाजच हवा, फक्त नॉब २ वर उसळतो एवढीच तक्रार असेल तर दुसऱ्या सॉकेटमधल्या १२एएक्स७ च्या जागी १२एवाय७ लावा. गेन निम्म्याहून कमी होतो, सोल्डर लागत नाही.

चेसिस उघडणार असाल तर प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज उरतं. १०० किलोओम, ५ वॅटचा रेझिस्टर नीट इन्सुलेट करून एक मिनिट टेकवा, मग मीटरवर खात्री करा. डिलक्सच्या रीइश्यूमध्ये (नव्याने काढलेल्या आवृत्तीत) सर्किट बोर्ड आहे. जास्त तापवला तर तांब्याची पट्टी उचलली जाते.

रात्री १० नंतरच वाजवणार असाल तर वरचं काहीच पुरेसं नाही. रिॲक्टिव्ह लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ॲम्पची पॉवर पिणारा डबा), स्पीकर सिम्युलेशन (स्पीकरच्या आवाजाची नक्कल) आणि हेडफोन घ्या. लोड ८ ओमचा असेल तर २२०४ चा सिलेक्टर ८ वर ठेवा. डिलक्सला सिलेक्टर नसतो, तिथे लोड ८ ओमचाच हवा.