नया पैसा मालिका (१९५७ ते १९६३): तयार संच घ्यावा की सुटी नाणी?

कमी पैशांत पूर्ण होईल अशी जुन्या नाण्यांची मालिका हवी असेल, तर नया पैसा घ्या. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, रुपयाचे ६४ पैसे जाऊन १०० झाले आणि जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून नाण्यावर ‘नया’ छापलं गेलं. १ जून १९६४ पासून तो शब्द गेला. काळ आखूड, नाणी भरपूर पाडलेली, आणि बहुतेक वर्षांची साधी प्रत आजही दोन आकडी रुपयांत मिळते.

आता तयार संचाबद्दल. ऑनलाइन आणि प्रदर्शनांतल्या टेबलांवर छापील कार्डात बसवलेला ‘नये पैसे कम्प्लीट सेट’ मिळतो: १, २, ५, १०, २५ आणि ५० नये पैसे, एकूण सहा नाणी. ‘कम्प्लीट’ हा शब्द इथे चुकीचा आहे. एक नया पैसा आधी ब्रॉन्झमध्ये निघाला आणि १९६२ पासून निकेल-पितळेत, म्हणजे नुसते प्रकार मोजले तरी सात होतात. कार्डात यातला एकच असतो, बहुधा ब्रॉन्झचा. वर्ष आणि टांकसाळ यांचा तर कार्डावर उल्लेखच नसतो. भर म्हणून काही संचांत १९६४ नंतरची नाणी घुसडलेली असतात. त्यांवर नुसतं ‘पैसे’ असतं, ‘नये’ नसतं. कार्ड हातात आलं की आधी तेवढं वाचा.

संचातली सगळ्यात मोठी खोट म्हणजे चकाकी. विक्रेते पितांबरी किंवा ब्रासो लावून नाणी घासतात आणि ‘यूएनसी’ (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेलं) म्हणून विकतात. टांकसाळीतून आलेल्या नाण्याची चमक तिरक्या उजेडात नाणं फिरवलं की त्याच्याबरोबर गोल फिरते. घासलेल्या नाण्यावर बारीक समांतर ओरखडे दिसतात आणि चमक जागची हलत नाही. एक नया पैशाला आणखी सोपी कसोटी आहे: १९५७ ते १९६१ मधलं नाणं पिवळंजर्द दिसत असेल तर ते घासलेलंच, कारण त्या वर्षांत पिवळा धातू वापरलेलाच नव्हता. १९६२ ला मात्र दोन्ही धातू आहेत, तिथे जपून.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: संच सोडा, सुटी नाणी घ्या. पुण्यात जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी ढिगातून निवडू देतात. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटं चुंबक न्या. २५ आणि ५० नये पैसे शुद्ध निकेलचे, ते चुंबकाला चिकटतात. २, ५ आणि १० तांबे-निकेलचे, ते चिकटत नाहीत. मिश्र ढिगातून हवी ती नाणी वेगळी काढायला याहून झटपट उपाय नाही. वजनकाट्यावर मात्र खर्च करू नका. एवढ्या स्वस्त नाण्यांची नक्कल करून कुणाला काही सुटत नाही. इथे धोका नकली मालाचा नाही, घासलेल्या मालाचा आहे.

भिंग लागतं ते टांकसाळीच्या खुणेसाठी, आणि मालिकेची खरी गोडीही तिथेच आहे. सालाखाली भरीव हिरा असेल तर मुंबई, काहीच नसेल तर कोलकाता. हैदराबादच्या खुणा बदलत गेल्या: मध्ये चीर गेलेला हिरा, हिऱ्यात टिंब, पुढे तारा. टिंबाचा हिरा थोडा झिजला किंवा त्यात मळ बसला की भरीव दिसतो आणि हैदराबादचं नाणं मुंबईच्या भावात पडून राहतं. ढिगात पहिली नजर इथे टाका. उलटही होतं, मळाच्या ठिपक्याला टिंब म्हणून जास्त पैसे मागितले जातात. अशा वेळी लाकडी टूथपिकने अलगद टोकून बघा, सुई लावू नका.

महिन्याला तीनशे रुपये ठेवले तर आधी सात प्रकार चांगल्या प्रतीत जमवा, मग एकाच मूल्याची सगळी सालं. सुरुवात ५० नये पैशांनी करा. ते १९६० ते १९६३ एवढंच आहे, त्यामुळे लवकर पूर्ण होतं. झिजलेली दोन नाणी घेण्यापेक्षा सिंहांची आयाळ स्पष्ट दिसणारं एकच घ्या.

साठवणीत सगळ्यात जास्त नुकसान होतं. मऊ, वास मारणाऱ्या पीव्हीसी पानांचा स्वस्त अल्बम घेऊ नका. त्यातलं प्लॅस्टिक विघटत जातं आणि ब्रॉन्झवर हिरवट चिकट थर चढतो. त्याऐवजी मध्ये गोल पारदर्शक खिडकी असलेले, घडी घालून नाणं आत बंद करायचे दोन इंची पुठ्ठ्याचे होल्डर घ्या, एकाला काही रुपयेच पडतात. १ नया पैसा १६ मिमीचा, त्याला १७.५ ची खिडकी. २ आणि २५ ला २० ची. १० आणि ५० ला २५ ची. पाच नये पैसे चौकोनी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत २२ मिमी. दुकानदार २२.५ ची खिडकी देतो, पण घडी घालताना नाणं जरा सरकलं की कोपरा पुठ्ठ्याखाली दबतो. त्यालाही २५ चीच घ्या. तीन बाजूंना स्टेपल मारा आणि पक्कडीने पिना सपाट दाबा, नाहीतर त्या शेजारच्या नाण्याला ओरबाडतात.

हिरवा थर आधीच चढला असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन काचेच्या वाटीत घ्या, खोलीची खिडकी उघडी ठेवा, आसपास गॅस पेटलेला नको. नाणं दहा मिनिटं बुडवा, काढून न पुसता वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि रंग असतो. चिंच-लिंबाने तर धातूच खाल्ला जातो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्याआधी बदला.