कोंबड्यांच्या खुराड्यातील गोचीडनाशक: औषध चांगले, पत्रक फसवे

गावरान कोंबड्यांच्या खुराड्यासाठी पशुखाद्याच्या दुकानातून डेल्टामेथ्रिनयुक्त गोचीडनाशक आणून वापरले. गोचिडी मारण्याचे काम ते नीट करते. मात्र सोबतच्या पत्रकातील ‘विषाणूजन्य रोगांपासून संपूर्ण संरक्षण’ हा दावा मान्य करता येत नाही.

कोंबड्यांना छळणारी ही मऊ गोचीड (आर्गस) गाईम्हशींच्या अंगावर दिवसेंदिवस चिकटून राहणाऱ्या गोचिडीपेक्षा वेगळी असते. अळी अवस्था सोडली, तर ती रात्री येऊन थोडाच वेळ रक्त पिते आणि उजाडण्यापूर्वी फळ्यांच्या सांध्यांत शिरते, त्यामुळे दिवसा पिसे उलटून पाहणाऱ्याला फारसे काही सापडत नाही. बसायच्या दांडीच्या खाचेवर टॉर्च मारला, तेव्हा चपट्या, तपकिरी गोचिडी एकमेकींना खेटून बसलेल्या दिसल्या. पहिल्या फवारणीनंतर खाली मेलेल्यांचा खच पडला, पण खाचेतल्या वाचल्या. कोंबड्या बाहेर काढून, दांडी सोडवून, नोझल थेट भेगांत धरल्यावरच औषधाचा खरा गुण आला. याविषयी पत्रकात अवाक्षर नाही. या गोचिडी उपाशीपोटी वर्षानुवर्षे तग धरतात, म्हणून खुराडे काही महिने रिकामे ठेवूनही भागत नाही.

मऊ गोचीड विषाणू पसरवते, हे खरेच आहे. ठळक उदाहरण म्हणजे डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फीव्हर: आफ्रिकेतील वॉर्टहॉग या रानटी डुकरांच्या बिळांत राहणाऱ्या ऑर्निथोडोरस या मऊ गोचिडी त्याचा विषाणू अंगात बाळगतात आणि समागमातून, तसेच अंड्यांतून पुढच्या पिढीलाही देतात. पोर्तुगालमध्ये आटोक्यात आलेला हा रोग 1999 साली एका फार्मवर पुन्हा उद्भवला, तेव्हा तेथील जुन्या गोठ्यात दडलेल्या गोचिडींकडेच बोट दाखवले गेले.

कोंबड्यांची गोष्ट मात्र निराळी. आपल्याकडील आर्गस गोचिडीमुळे होणारा प्रमुख आजार, स्पायरोकीटोसिस, जिवाणूंचा आहे. राणीखेत या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाचा विषाणू आजारी पक्ष्यांची विष्ठा, श्वास, दूषित भांडी व कपडे यांतून पसरतो आणि त्यावर लासोटासारखी लसच लागते. पत्रक वाचून कोणी लसीकरण टाळले, तर त्याचे नुकसान बाटलीच्या किमतीच्या कितीतरी पट होईल.

औषधाला पाचपैकी चार गुण, पत्रकाला शून्य. घ्यायचे असल्यास अंगावर न ओतता रिकाम्या खुराड्यात फवारावे, खाद्य-पाण्याची भांडी आधी बाहेर काढावीत आणि हातमोजे विसरू नयेत.